गोंपात लावलेला दिवा

गोंपाच्या पायरीवर मी नारळ फोडला आणि आतला मंत्रघोष एकदम बंद पडला.

गोंपा म्हणजे तिकडचा बौद्ध मठ. तिथं नारळ फोडत नाहीत, हे मला कोण सांगणार? बेंगळुरात आमच्या चामराजपेटेत गणपतीपुढे ईडुगायी फोडतात. नारळ असा आपटायचा की ठिकऱ्या चहूकडे उडाल्या पाहिजेत. त्यातून हा नारळ मद्रास, कलकत्ता, सिलिगुडी करत, शेवटी जीपमध्ये माझ्या मांडीवर बसून हिमालयात आलेला. एवढ्या लांबून आलेल्या नारळाला हळूच टिचकी मारून कसं चालेल? मी सगळी ताकद लावली. वळचणीची कबुतरं भर्रकन उडाली. एक म्हातारे लामा बाहेर येऊन बघतात तो पायरीवर पाणी, खोबरं आणि माकडटोपीतला मी.

"अहो, हा काय आपल्या पेटेतला गणपती आहे?" बायको म्हणाली. "कुणाला विचारायचं तरी आधी!"

"देवाला नारळ चालत नाही, असं कुठं असतं?"

"सरी, सरी, बरं. आता वेचा."

लामांनी एक तुकडा उचलला, हुंगला आणि तोंडात टाकला. बाकीचे आम्ही गुडघे टेकून वेचले. वेचता वेचता बायको हसली. यापूर्वी ती कधी हसली होती ते आठवायला गेलो, आणि नको म्हणून सोडून दिलं.

घरी सगळ्यांना आम्ही सहल म्हणूनच सांगितलं होतं. गोंपा बघू, धबधबे बघू, बर्फाची शिखरं बघू. खरं कारण निराळं. आमचा एकुलता एक मुलगा गोंपाच्या याच गावाखाली रस्त्याच्या कामावर ओव्हरसिअर होता. दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगराचा कडा सुटला आणि कामावरची माणसं नदीत गेली. काही सापडली. तो सापडला नाही.

भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर श्राद्ध नाही, पक्ष नाही. मुलगा ना असलेल्यांत, ना गेलेल्यांत. बायको यावर एक अक्षर बोलत नसे. मी ताडलं, हिच्या मनात अजून आशा आहे. एकदा ती जागा डोळ्यांनी बघितली म्हणजे हिचं मन मानेल. घरात समजावण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. त्यासाठी एक भाषणच तयार केलं होतं आणि कलकत्त्यापासून मनातल्या मनात त्याची उजळणी चालली होती.

दुसऱ्या दिवशी जीपने निघालो. शिखरांच्या जागी पांढरं धुकं. ड्रायव्हर म्हणाला, "कल दिखेगा, साब." धबधबा दिसला. त्याची मी इतकी वाखाणणी केली की ड्रायव्हरला तो त्याच्या बापाने बांधलाय असं वाटलं असावं. मी बोलत राहिलो, कारण कडा सुटला ते वळण कुठलं ते मी त्याला आधीच विचारून ठेवलं होतं.

ते बायकोलाही ठाऊक होतं. "भैया, यहाँ स्वल्प रुको," ती म्हणाली. आमच्या कन्नडातलं 'स्वल्प' त्याला काय कळणार, पण तो थांबला.

मला वाटलं होतं, खरवडलेला लाल डोंगर असेल, तुटका रस्ता असेल. तिथं गुडघाभर गवत वाढलं होतं. त्यात पिवळी रानफुलं. नवा रस्ता वरच्या अंगाने वळसा घालून गेला होता. खाली नदी हिरवीगार, इतकी देखणी की मला तिचा संताप आला. इथं काही घडलं होतं याची एक खूणसुद्धा त्या डोंगराने ठेवली नव्हती. रडायचं म्हटलं तरी कुठं बघून रडायचं?

"किती गार असेल नाही पाणी," बायको म्हणाली.

माझं भाषण राहूनच गेलं.

परतताना खालच्या अंगाला आणखी एक गोंपा लागला, लहानसा. आत लोण्याचे दिवे तेवत होते. लोक आपल्या माणसासाठी इथं दिवा लावतात, असं ड्रायव्हरने सांगितलं. आम्हीही लावायचं ठरवलं. तिथल्या लामांनी काहीतरी विचारलं.

"पूछते हैं, दिया जिंदा आदमी के लिए, या गुज़रे हुए के लिए?" ड्रायव्हर म्हणाला. "दोनों का पाठ अलग है."

बायकोने माझ्याकडे बघितलं. आमच्यात संकल्प यजमानाने सोडायचा असतो, तेव्हा उत्तरही मीच द्यायचं. याचसाठी तर हिला एवढ्या लांब आणलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जिंदा." ड्रायव्हर लामांकडे वळायच्या आत पुन्हा म्हणालो, "जिंदा, जिंदा!" रेल्वेच्या तिकीट खिडकीवर मागून ओरडावं तसा.

लामांनी नाव विचारलं, ते बायकोने सांगितलं. त्यांनी ते तोंडात घोळवून बघितलं, पण बसेना. पाठ सुरू झाला. मी कान देऊन ऐकत होतो. मधूनमधून ते नाव यायचं आणि दर वेळी आमच्या मुलापासून थोडं आणखी लांब गेलेलं असायचं. शेवटी शेवटी तर ते कुणाचं आहे हेच मला ओळखू येईना.

परतीच्या वाटेवर धुकं फाटलं. "साब, देखो, देखो!" म्हणत ड्रायव्हरने जीप थांबवली. शिखरं पांढरी होती. याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

बेंगळुरात आल्यावर शेजारच्या अक्का विचारायला आल्या, काय काय बघितलंत. मी धबधबा सांगितला, मिठाचा चहा सांगितला, थंडीने माझी कशी त्रेधा उडाली ते उठून करून दाखवलं. अक्का पोट धरून हसल्या आणि गेल्या. बायको अंगणात लोकरीचे कपडे उन्हात घालत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मला समजवायला नेलं होतंत ना? मला तार आली त्या दिवशीच कळलं होतं, तो गेला ते. तुम्हीच रोज फाटकाची कडी काढून ठेवून झोपता. आजपासून लावत चला. गायी शिरतात आत."