दुकान वाढव

दुपारी गिऱ्हाईक नसतं. गल्ल्यामागच्या खुर्चीत वैजयंतीचे डोळे मिटायला लागतात, पंख्याचा आवाज दूर जातो, आणि समोरची गादी झटकून कुणीतरी बसतं. अप्पा. कराडच्या या बांगड्यांच्या दुकानात सारा जन्म काढून तीन वर्षांपूर्वी गेलेले तिचे वडील. तिला नवल वाटत नाही. इतका उशीर का केला, एवढंच वाटतं.

"दमलीस गं वैजू," ते म्हणतात.

दमणार नाही तर काय. अप्पांच्या आजारपणात ती सुट्टी काढून इथं दुकान बघत होती, तेव्हा दवाखान्यातून फोनवर आलेले त्यांचे शेवटचे शब्द होते, "वैजू, दुकान वाढव." देशोदेशी फिरवणारी परदेशातली नोकरी सोडून लेकीनं कंबर कसली. एका दुकानाची तीन झाली. आज चौथ्या दुकानाच्या जागेचा करार करायचाय, आणि अंगात त्राण उरलेलं नाही. नाही म्हणावं तर अप्पांचा शब्द मोडतो.

"तिकडं कसा करत्यात गं धंदा?" अप्पा विचारतात. "सांगायचं राहूनच गेलं तुझं."

ती तोंड उघडते, तर दोघं जपानात, ओसाकात उभी. भांड्यांच्या दुकानाचा म्हातारा मालक गिऱ्हाइकाला सोडायला रस्त्यापर्यंत आलाय आणि ते दिसेनासं होईपर्यंत वाकून उभा आहे.

"इथं एकदा कंपनीत शिरलं की जन्माचं नातं मानायची पद्धत," वैजयंती सांगते. "पण साहेब उठल्याशिवाय घरी जायची चोरी."

"म्हंजे सासुरवासच की."

अप्पांच्या चपलांखालचा रस्ता दगडी होतो. जर्मनीतलं गाव, रविवार. दुकानं बंद, माणसं नुसती रमतगमत फिरताहेत.

"इथं कायदाच आहे तसा. आणि मोठ्या कंपनीत कामगारांची माणसं मालकांच्या शेजारी बसून निर्णय घेतात."

अप्पा काचेला नाक लावून आत बघतात. "गिऱ्हाईक रुसत न्हाई?"

"सोमवारी येतं."

हे त्यांना फार आवडतं. ते काचेला हात लावतात, ती सरकते, आणि आत अमेरिका असते. टोक न दिसणारं दुकान, दिवसरात्र उघडं, आणि सगळ्या फळ्यांवर बांगड्याच बांगड्या.

"इथं कुणीही उद्या मालक होऊ शकतो, अप्पा. आणि कुणाचीही नोकरी उद्या जाऊ शकते."

अप्पा चालून चालून थकतात. "हे वाढवत्यात कधी?"

"वाढवतातच की. दर वर्षी नवीन शाखा."

अप्पा हसायला लागतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं येडे, वाढवायचं म्हंजे बंद करायचं. दिवेलागणीला. बंद म्हणू न्हाई, म्हणून वाढवायचं म्हणत्यात."

वैजयंतीला आठवतं. लहानपणी रोज संध्याकाळी ऐकलेला शब्द. इतकी वर्षं साहेबांना वाढीचे तक्ते दाखवून तिचा कानच परका झाला होता.

"मग त्या दिवशी फोनवर..."

"सांज झालती. म्हटलं, दुकान वाढव आन् ये, माझ्यापाशी बस. पुढचं ऐकू गेलं न्हाई वाटतं तुला."

तिला रडू आवरत नाही. अप्पा तिचा हात ओढून घेतात, कासार घेतो तसा, आणि अंगठ्याचं मूळ दाबून दाबून मऊ करू लागतात. त्यांची बोटं उबदार आहेत.

"तीन दुकानं केलीस, नाव काढलंस. आता बस झालं," ते बांगडी चढवताना म्हणतात. "हात सैल सोड. ताठ धरलास की फुटती."

ती हात सैल सोडते.

फोन वाजतो. जागेचा दलाल आहे. "ताई, येताय ना करारावर सही करायला?"

"नाही. दुकान वाढवतेय."

"तेच म्हणतोय ताई, वाढवायचंच तर ही जागा..."

"तसं नाही हो. घरी चाललेय."

फोन ठेवून ती हाताकडे बघते. बांगडी एकही नाही. पण अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल झालीय, बोटांचे ठसे उमटलेत, आणि ती जागा अजून दुखतेय. भर उन्हात शटर ओढताना ती तो हात वापरत नाही, दुसऱ्याच हातानं ओढते.