किलोवर एक मूठ

माप शिगेनं द्यायचं, ही आमच्या घरची रीत. पायली भरून वर धान्याचं टोक आलं पाहिजे, अन् ते आल्यावरही शेवटी एक मूठ वरून टाकायची. घेणारा खूश, देणाऱ्याची मान ताठ. सपाट पायली म्हणजे बिनफेट्याचा नवरदेव. तिसरीत मास्तरांनी मला किलो शिकवला होता, पण मी तो मनावर घेतला न्हाई.

माझी सून गावातल्या बायांना घेऊन जवारी निवडते अन् किलो-किलोच्या पिशव्या भरते. मागच्या साली दुबईच्या एका व्यापाऱ्यानं माल मागितला. ही पहिली खेप नीट पोचली तर कायमचं काम, न्हाई तर तो दुसरीकडं जाणार, हे त्यानं साफ सांगितलं होतं. बायांनी काट्यावर डोळे लावले. चार दाणे जास्त झाले की काढ, कमी पडले की टाक. मला तो चिकटपणा बघवेना.

एका दुपारी बाया जेवायला गेल्या. पिशव्या भरून झाल्या होत्या, तोंडं शिवायची राहिली होती. परमुलखात गावाची लाज नको म्हणून मी प्रत्येक पिशवीत एक मूठ टाकली अन् ऐटीत पान खायला गेलो.

माल मुंबईच्या बंदरावर अडला. कागदावर एक वजन, काट्यावर दुसरं. साहेबांना वाटलं, जवारीत काहीतरी लपवलंय. त्यांनी पिशव्या फोडल्या, हुंगल्या, अन् काही सापडेना म्हणून जास्तच चिडले. सगळा माल आमच्या गावी, मांजरसुंब्याला परत येऊन उतरला.

सून समोर उभी राहिली. "मामा, जास्तीची जवारी तुमी टाकली ना?"

"टाकली. काढली तर न्हाई?"

"पर कावून टाकली?"

"जास्त देणाराला धरतेत व्हय? कसलं सरकार हाय हे!"

"मामा, तुमची मूठ केवढी हे त्या दुबईवाल्याला काय ठावं? किलो केवढा, हे मातर त्यालाबी ठावं हाय अन् मलाबी."

मी रागानं वट्यावर जाऊन बसलो. घाटनांदूरचा माझा सोयरा आठवला. त्याच्या तुरीच्या बदल्यात माझी जवारी द्यायची होती. त्याची पायली लहान, माझी मोठी. मी त्याची तूर माझ्या पायलीनं मापायला लागलो. "ही पायली हाय का टोपलं, बे?" असं तो भर अंगणात बोलला, अन् आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दोघंबी खरे, पायल्या मातर सवती.

सुनेनं लई विनवल्यावर व्यापारी आणखी एक खेप घ्यायला कबूल झाला. या वेळी काट्यापाशी मीच बसलो. काटा लई बेशरम असतो. वय बघत न्हाई, मान बघत न्हाई.

"दाजी, चिमटीनं काढा!" एक म्हातारी ओरडली, अन् बाया पदरात हसल्या.

"तुझं तोंडबी चिमटीनंच बंद करतो, थांब," मी म्हटलं.

खेप पोचली. दुबईहून व्यापाऱ्याचा फोन आला.

"वजन बरोबर हाय म्हनतेत," सून म्हणाली.

"अन् भाकरी कशी झाली?"

"ते इचारत नसतेत, मामा."

मी फोन हिसकला. आमच्या निजामी हिंदीत विचारलं, "भाकरी कैसी बनी?"

"अच्छी बनी, चचा. हर महिने भेजो."

सून फोन न घेताच बायांना सांगायला पळाली. मी काटा पुसून कपाटात ठेवला अन् किल्ली खिशात टाकली. बायकांचा भरवसा न्हाई, बिघडवून ठेवतील.