दसऱ्याला गाडी कोण चालवणार

काकांची गाडी ट्रकवरून आमच्या परसात उतरवली तेव्हा तिच्या मागच्या सीटमधून एक कोंबडी बाहेर आली आणि कुंपणावरून पसार झाली. गाडी एका संस्थानिकाच्या पागेत पंचवीस-तीस वर्षं पडून होती. वरचा टप कुजलेला, टायर दगडासारखे झालेले, आणि इंजिनात उंदरांनी कापूस भरून ठेवलेला. काका मात्र तिच्याकडे असे बघत होते की मला वाटलं, मलाच काही दिसत नसावं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सोलापूरच्या एका मिलमध्ये ते वीव्हिंग मास्तर होते. आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. वडिलांना घरातली सगळी मुलं अण्णा म्हणत. ते पाटबंधारे खात्यात होते, फिरतीवर सरकारी जीपने जात आणि जीपला ड्रायव्हर असे. गाडी उतरली त्या दिवशी अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. एवढी आरडाओरड झाली तरी त्यांनी पेपर खाली केला नाही. पुढची दोन वर्षं ते गाडीबद्दल बरं किंवा वाईट एक अक्षर बोलले नाहीत. परसातून मोरीकडे जाताना ते गाडीला वळसा घालून जात, तुळशीला घालावा तसा.

मी त्याच वर्षी बी.ए. होऊन घरी आले होते. माझं शिक्षण पुण्यात, नन्सच्या शाळेत आणि वसतिगृहात झालेलं. सुट्टीपुरती घरी यायची सवय होती; आता सुट्टी संपतच नव्हती. घरात मी कुठे बसावं हे मला कळत नसे. माझं मराठी पुस्तकातून काढल्यासारखं होतं, त्यामुळे चुलत भावंडं मला मडम म्हणत, आणि मडम म्हणतात म्हणून मी आणखी कमी बोले.

गाडीच्या डिकीत एक पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात वाळवीने कडा खाल्लेलं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. काकांना इंग्रजी येत होतं, पण त्यांना चष्म्याचा कंटाळा. ते पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "मिस्त्रींना वाचून दाखव. मराठीत."

मिस्त्री मिलमध्येच फिटर होते. त्यांच्या घरी तेलुगू बोलत, आमच्याशी सोलापूरचं मराठी. मला ते अक्का म्हणायचे, जरी मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. पहिल्या दिवशी मी रात्रभर शब्दकोश उलटून एका पानाचं भाषांतर नेलं होतं. झडप, दट्ट्या, दंतचक्र. मिस्त्रींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अक्का, ही कुठली गाडी म्हणायची?" मग त्यांनी एकेक भाग हातात घेऊन दाखवला. व्हॉल्व. पिस्टन. गिअर. म्हणजे मला जे आधीच येत होतं तेच.

तसं ते काम सुरू झालं. रोज मिलचा भोंगा झाला की तासाभराने काका आणि मिस्त्री येत. मी स्टुलावर बसून वाचायची, ते दोघं गाडीखाली. मला फक्त चार पाय दिसत. पिस्टन कोल्हापुरात ओतून घेतले. गॅस्केट मिस्त्रींनी तांब्याच्या पत्र्यातून कापली, काकू कणकेवर वाटी दाबून पुऱ्या पाडते तशी. दीड वर्षाने एका रविवारी इंजिन सुरू झालं आणि शेजारच्या तीन घरांतल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या. काकूने त्या सगळ्या धुऊन दिल्या. मीही धुतल्या. मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता, आणि एवढा आनंद होण्यासारखं मी काय केलं हे समजत नव्हतं. मी तर फक्त वाचलं होतं.

काकांना ती गाडी लग्नाच्या वरातीत मिरवायची नव्हती. रद्दीत आलेल्या एका अमेरिकन मासिकात त्यांनी सरळ रेसचे फोटो पाहिले होते. दोन जुन्या गाड्या शेजारी उभ्या करायच्या, खूण झाली की सुटायचं, पाव मैलावर चुन्याची रेघ. जो आधी ओलांडेल तो जिंकला. वळण नाही, काही नाही. गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी होती, तिथे क्वचितच काही उतरे. काका, त्यांचे एक डॉक्टर मित्र आणि एक ट्रान्सपोर्टवाले अशा तिघांनी ठरवलं की दसऱ्याला सीमोल्लंघनाला सगळे गावाबाहेर जातातच, तर यंदा आपण गाड्या घेऊन जायचं आणि तिथेच शर्यत लावायची.

मग वजन कमी करणं सुरू झालं. टप काढला, मडगार्ड काढले, बाजूच्या पायऱ्या, बंपर, स्टेपनी, मागची सीट, शेवटी ड्रायव्हरशेजारची सीटसुद्धा. परसात दुसरी एक गाडी होईल एवढा ढीग झाला. एका संध्याकाळी मिस्त्री गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "मास्तर, आता एकच जड पार्ट राहिला."

"कोणता?"

"तुमी."

काका हसले. स्वयंपाकघरातून काकू त्यांच्याहून जास्त वेळ हसली. मिस्त्री मात्र हसत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अक्कांना बसवा की. अक्का एका स्टेपनीएवढ्या बी न्हाईत."

काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. सुतळीचा गुंडा पुरेल का हे माणूस बघतो, तसं. मग म्हणाले, "उद्या सकाळी ये."

मला आजही नीट सांगता येत नाही की ती माझी निवड होती की काटछाट. सगळं काढून झालं, शेवटी काकांनाही काढलं आणि जे उरलं ते मी होते. पण सकाळी सहाला मी तयार होते. काकूने पदराला दोन पिना लावून दिल्या, कारण मिस्त्रींना भीती होती की पदर गिअरच्या दांड्यात अडकेल. तिने कुठे चाललीस विचारलं नाही. आईला तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशा न विचारता होत.

त्या गाडीला तीन गिअर होते आणि ते आपोआप बसत नसत. क्लच दाबून एक काढायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज खाली यायची वाट बघायची, पुन्हा दाबून पुढचा टाकायचा. लवकर टाकला तर गिअरचे दात किंचाळत, उशिरा टाकला तर गाडी मरगळे. काकांना ते वाट बघणं जमत नसे. मला जमलं. मी आयुष्यभर तेच करत आले होते; दुसऱ्याचं बोलणं संपतंय का ऐकत राहायचं आणि मगच तोंड उघडायचं. फक्त इथे माझं वाट बघणं संपलं की गाडी पुढे जात होती.

धावपट्टीच्या कडेला एक मेंढपाळ मेंढ्या चारायचा. गाडीचा आवाज आला की तो मेंढ्या बाजूला घेई आणि काठीवर हनुवटी टेकून बघत बसे. एकदा मी परत आले तेव्हा त्याने विचारलं, "एवढ्या जोरात तितवर जाताय आन परत हितंच येताय. तितं काम काय असतंय?"

मिस्त्री म्हणाले, "तितं रेघ हाय की." तो मान हलवून मेंढ्यांमागे गेला. त्याला पटलं असावं. मला नव्हतं पटलं.

महिनाभर असं चाललं. दर खेपेला मिस्त्री मिलमधलं घड्याळ दाबून वेळ घेत आणि हळूच "बरं हाय" म्हणत. पण दसऱ्याला गाडी कोण चालवणार हे एकदाही कुणी बोललं नाही. काका म्हणत, "दसऱ्याला बघू." मिस्त्री मी चालवणार असं धरूनच बोलत. आणि मी रोज ठरवायची की आज काकांना विचारायचं, आणि रोज वाटायचं, विचारलं तर त्यांना कळेल की मला हवंय. हवं असणं ही काही वाईट गोष्ट नव्हती, पण ते दुसऱ्याला दिसू द्यायचं म्हणजे अंगणात उघड्या केसांनी उभं राहण्यासारखं वाटे. गावासमोर गाडी पळवायला मला भीती वाटत होती का? वाटत होती. ती दुसऱ्या कुणी पळवली तर? त्याची जास्त.

खंडेनवमीला मिस्त्रींनी पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडले, काकूने त्यांना आणि गाडीच्या स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायला काकांनी अण्णांना बोलावलं. घरातला पहिला नारळ अण्णांचा, तो त्यांचा मान. त्यांनी येऊन नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं, आणि ते परत ओसरीवर गेले.

दसऱ्याच्या दुपारी धावपट्टीवर पन्नासेक माणसं तरी जमली होती. डॉक्टरांची गाडी आमच्या गाडीहून नवी होती, तिला झेंडूच्या माळा. आमची गाडी मी सरळ रेघेत लावून दिली होती आणि उतरून दाराशी उभी होते, पदर खोचून, पिना लावून. काका जवळ आले. मी हात दाराच्या कडीवर ठेवला.

काका माझ्या शेजारून पुढे गेले आणि त्यांनी गर्दीत उभ्या असलेल्या अण्णांना हाताला धरून आणलं. "दादा, पहिला मान तुमचा," ते म्हणाले. "दोन वर्षं परसात घाण केली, कधी एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही बसा."

काकांच्या मनात काही कपट नव्हतं. नारळाचा मान तसा गाडीचा, एवढं साधं होतं त्यांच्यासाठी, आणि मी तिथे उभी आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मिस्त्रींच्या होतं. ते जमिनीकडे बघत होते.

अण्णा म्हणाले, "मी?"

सगळे टाळ्या वाजवू लागले. भावाने चारचौघांत दिलेला मान परत कसा करणार? अण्णांनी धोतर सावरलं आणि ते आत बसले. त्यांनी पायाशी असलेल्या तीन पेडल्सकडे पाहिलं. मग माझ्याकडे, खोचलेल्या पदराकडे, कडीवरच्या हाताकडे.

"हिला शेजारी बसू दे," ते म्हणाले. "गिअर हिला माहीत आहेत."

"पण दादा, वजन..." काका बोलता बोलता थांबले. मान दिल्यावर वजनाचं काय बोलणार? मिस्त्रींनी पळत जाऊन एक पोतं आणलं, सीटच्या जागी घडी करून ठेवलं, आणि मी त्यावर बसले. माझं डोकं अण्णांच्या कोपराशी येत होतं. मला राग आला होता की हायसं वाटलं होतं? दोन्ही एकदम येतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ट्रान्सपोर्टवाल्यांनी लाल फडकं खाली टाकलं. डॉक्टर सुटले. आम्ही दोन गचके खाऊन निघालो. अण्णा म्हणाले, "कधी ते तू सांग." मी "आता" म्हटलं की ते क्लच दाबत, पुन्हा "आता" म्हटलं की गिअर टाकत. दुसरा किंचाळला. तिसरा त्याहून मोठ्याने. आम्ही रेघ ओलांडली तेव्हा डॉक्टर गाडीतून उतरून घाम पुसत होते. त्यांनी आम्हाला नमस्कार केला, गाडी वळवली आणि ते परत गेले.

अण्णांनी इंजिन चालू ठेवूनच गाडी थांबवली. लांब, पलीकडच्या टोकाला, माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"मला ही वळवता येणार नाही," अण्णा म्हणाले. "तू घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

"मी पायी येतो. वजन कशाला."

ते उतरले, चपला झटकल्या आणि कडेच्या गवतातून चालू लागले. मी सीटवर बसले. गाडी वळवली. शेजारी कुणी नव्हतं, समोर कुणी फडकं धरलं नव्हतं. मी थोडा वेळ नुसती बसले, हे चालेल का, याचा काही अर्थ आहे का, असा विचार करत. मग क्लच सोडला.

तो आवाज मी लिहू शकत नाही. मला फक्त एवढं आठवतं की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी मला वाट बघायला लावत नव्हती, आम्ही दोघी एकदमच तयार होत होतो. आणि अण्णांच्या शेजारून गेले तेव्हा ते क्षणभर पांढरे दिसले आणि मागे गेले.

टोकाला पोहोचले तेव्हा लोकांनी गाडीला गराडा घातला. काका बॉनेट उघडून बघू लागले, डॉक्टर मिस्त्रींना वेळ विचारू लागले, मिस्त्रींनी घड्याळ मुठीत झाकून घेतलं. कुणी मला शाबास म्हटलं नाही, कुणी रागावलंही नाही. मी गर्दीतून मागे बघत होते. धावपट्टीवर अण्णा एकटे चालत येत होते, उन्हात, चांगली पाच-सात मिनिटं. परत जाऊन त्यांना आणावं असं मला वाटलं, पण बॉनेट उघडं होतं.

ते आले. काकांनी काय झालं विचारल्यावर म्हणाले, गाडी जरा तापली होती. मग सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. मी त्यांच्या हातात पान ठेवून वाकले, तेव्हा माझ्या बोटांचं काळं तेल त्यांच्या पायाला लागलं. त्यांनी ते पाहिलं.

"तिसरा जरा उशिरा टाकलास," ते हळूच म्हणाले, आणि पाणी कुठे आहे विचारत पुढे गेले.

दोन गिअर किंचाळवत नेणाऱ्या माणसाला हे इतक्या लांबून कसं कळलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आणि मी तिसरा उशिरा टाकला नव्हता. निदान मला अजून तरी तसंच वाटतं.