वरचा खो

पाथरीच्या मैदानावर पंचानं शिट्टी मारली. फाउल.

मी उठून दोन पावलं पळाले होते. थांबले. मागं वळून बघितलं. मंदाचा हात अजून तसाच होता. माझी पाठ जिथं होती, त्याच्या वीतभर वर. हवेत.

मंदा आमची कप्तान. पाटलाची पोरगी. पंच परगावचा होता, त्याला आमच्या गावचं काही ठाऊक नव्हतं. तो साध्या आवाजात म्हणाला, "बाळ, नुसतं ओरडून खो होत नाही. पाठीला हात लागला पाहिजे."

मंदानं त्याच्याकडं बघितलं नाही. रेषेबाहेर आमचे पी.टी.चे सर उभे होते, त्यांच्याकडं बघितलं. सर चपलेनं माती उकरायला लागले.

डाव पुढं चालला. पुन्हा माझी पाळी आली. पुन्हा हात वीतभर वर. पुन्हा शिट्टी. समोरच्या शाळेच्या पोरी हसायला लागल्या. एक म्हणाली, "ह्यांना खो देता येईना, आन् आल्यात खेळायला!"

डाव संपला तसं सरांनी मला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तू बाहेर बस. तुझ्यामुळं फाउल व्हायलेत."

माझ्यामुळं.

हात तिचा. चूक तिची. शिट्टी तिच्यावर. आणि बाहेर मी.

दोरीच्या पलीकडं पोरींच्या चपला काढून ठेवल्या होत्या. तिथं मी बसले. सर जाता जाता म्हणाले, "बसलीच हाईस तर चपलांवर ध्यान ठेव."

आम्ही हरलो.

आता मी विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं घेऊन गावोगाव फिरते. सभेत बोलते. पाथरी तालुक्यात अजून माझं पळणं आठवणारी माणसं भेटतात. विचारतात, "इतकी चांगली खेळायचीस, सोडलंस कामून?" मी म्हणते, उलटं विचारा. इतके दिवस खेळलीस कामून, असं विचारा. सोडणं सोपं होतं. कडू आहे ते खेळत राहणं.

खो-खो सगळ्यांना माहीत आहे. आठ जणी एका ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी समोरच्यांच्या मागं पळते. ती थकली की बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारते, "खो" म्हणते, आणि बसलेली उठून पळते. थाप आणि शब्द, दोन्ही पाहिजेत. एक असून चालत नाही. एवढाच खेळ.

आमच्या शाळेत तो असा नव्हता.

इयत्ता नववीत मी संघात गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मंदानं मला खराच खो दिला होता. पाठीवर थाप बसली. मी पळाले. संध्याकाळी मंदा घरी गेली. कुणाकुणाला शिवलीस, म्हणून चुलतीनं विचारलं. पोरीनं खरं सांगितलं. चुलतीनं तिला अंगणात उभी करून डोक्यावरून घागर ओतली. दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत येऊन सरांशी बोलून गेले.

सरांनी तोड काढली. मैदानावर सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "हिला वरूनच खो द्यायचा. हात लावायचा न्हाई. हिनंबी तसाच द्यायचा. आपल्याला खेळाशी मतलब." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुसऱ्या शाळेत तुला संघात घेतलंच नसतं. आपल्या शाळेत असलं काही नसतं म्हणून घेतलं."

सर स्वतःला सुधारक समजायचे. अजून समजतात.

पोरींनी त्याला नाव ठेवलं, वरचा खो. हसत म्हणायच्या, "हिला वरचा दे गं." मीही हसायची. वाईट वाटायचं नाही. सवयच होती. पाणी वरून. भाकरी वरून. रोजाचे पैसे वरून टाकलेले. खो वरून आला तर त्यात नवल काय?

आणि मी जिंकत होते, हे विसरू नका. सरावाला आमच्यातच दोन बाजू पडायच्या. मी मागं लागले की पोरी पटापटा बाद. मी दोन हात लांब असतानाच "आउट, आउट" करत रेषेबाहेर. मला वाटायचं, हा माझ्या पळण्याचा धाक. घरी येऊन मायला सांगायची, "माय, माझ्याम्होरं कोन टिकतच न्हाई." माय भाकरी थापता थापता म्हणायची, "पळ गं बाई. तू तरी पळ."

का खेळत होते, तर ह्यासाठी. घरी शेण-पाणी, शेजारच्या रानात खुरपणं, वर्गात मागचा कोपरा. दिवसभरात एवढ्या एका वेळेला मी कुणाच्या तरी पुढं होते. माणूस जिंकायलेला असला की कोणत्या अटीवर जिंकायलाय, ते बघत नाही.

विमलनं बघितलं. विमल गावाबाहेरच्या आमच्याच वाड्यातली, माझ्याबरोबरच संघात आलेली. ज्वारी पोटऱ्यात यायच्या आत तिनं खेळ सोडला. सर म्हणाले, हिच्यात जिद्द नाही. मीही तेच म्हणाले. हापशावर पाणी भरताना तिला तोंडावर म्हणाले, "भित्री हाईस तू."

तिनं हापसा मारायचा थांबवला. "तुला वाटायलंय तू लय पळायलीस. येडे, त्या पळायल्यात. तुझ्यापून. तुझा हात लागला तर घरी जाऊन न्हावं लागंल म्हनून."

"खोटं हाय."

"मग एकदा धरून दाखीव एकीला. आउट म्हनायच्या आत."

मी घागर उचलली आणि निघून आले. तिच्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. पोरी पुन्हा दोन हात लांबूनच आउट. मी धरून बघायचा प्रयत्न केला नाही. न धरलेलं बरं, असं आतून कुणीतरी सांगत होतं.

पाथरीला धरलं. शिट्ट्या वाजायच्या आधीची गोष्ट, डावाची पहिली पळणारी मीच होते. समोरची एक उंच पोरगी खांबाला वळसा घालायलेली. तिला माझं काहीच ठाऊक नव्हतं. ती पळाली. खरी पळाली. अंग चोरलं, हूल दिली, वाकली. माझा पूर्ण दम लागला तेव्हा कुठं तिच्या खांद्यावर हात पडला. खांदा घामानं ओला होता. ती धडपडली, उठली आणि हसून म्हणाली, "लय जोर हाय की गं तुझ्यात!"

नंतर चपला राखत बसले तेव्हा तळहात बघत होते. आमच्या शाळेत ह्या हाताला कधीच कुणाचा घाम लागला नव्हता. म्हणजे विमल खरं बोलत होती. सगळे सराव खोटे होते. माझं जिंकणं म्हणजे त्यांचं लांब राहणं होतं.

परतीच्या एसटीत मंदा माझ्या पुढच्या बाकावर. मागं वळून मलाच सांगायला लागली, "तुला काय कळतंय माझं? आमची चुलती थंडीत गार पाणी ओतती. मागं ताप आला होता मला. तुझ्यापायी."

मी म्हणाले, "मग चुलतीला सांग की."

"तिला कोन सांगनार?"

चुलतीला सांगायला कुणी नाही. मला सांगायला अख्खी एसटी.

त्याच महिन्यात माय परभणीला जाऊन आली. नामांतरासाठी बायका कचेरीसमोर बसल्या होत्या, त्यांत आमच्या वाड्यातल्याही होत्या. माय आयुष्यात पहिल्यांदा रोज बुडवून कुठं गेली. परत आली ती लालबुंद होऊन. उन्हानं आणि कशानं तरी.

"फौजदार आला. म्हने, बायांनो, उठा. वरडतुया, वरडतुया. म्या म्हनलं, उठीव की. धर हाताला आन् उठीव."

"मग?"

"मग काय. त्यो बगायलाय माझ्याकडं, म्या त्याच्याकडं. गेला पुढं." माय हसली. मग हसणं थांबलं. "ढोराला बी लोक पाठीवर थाप मारून उठवत्यात गं. आमाला नुसतं वरडून? न्हाई उठलो."

मला रात्रभर विचार करावा लागला नाही. तिथंच, चुलीपाशी, कळलं.

मी संघात जायचं बंद केलं. आठवडा गेला. मग शाळेचं गॅदरिंग आलं. सरांचा साडू पालमच्या शाळेत मास्तर, तिथला पोरींचा संघ खेळायला बोलावला होता. माझ्या जागी घेतलेली पोरगी सुस्त होती. सरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं.

"शाळेच्या इज्जतीचा सवाल हाय. तू ये."

"सर, खो कोणता? वरचा का खरा?"

ते हसले. खांद्यावर हात ठेवल्यासारखा हवेत हात हलवला. "त्याची काळजी नको. पंच आपलेच हायत. चित्रकलेचे मास्तर. शिट्टी वाजत न्हाई."

म्हणजे अडचण हात न लावण्याची नव्हतीच. शिट्टीची होती. शिट्टी नसली की सगळं बरोबर.

मी म्हणाले, "येते."

शामियान्यात पाटील, सरपंच, खुर्च्यांवर. बायकांच्या बाजूला पुढच्या ओळीत मंदाची चुलती. दोरीबाहेर, लांब, आमच्या वाड्यातली चार माणसं. त्यांत विमल.

आमची बसायची पाळी. मी मधल्या जागेवर उकिडवी बसले. मंदा पळत माझ्या मागं आली. "खो!"

मी उठले नाही.

"खो! अगं ऊठ की!"

"हात लाव."

"काय?"

"पाठीला हात लाव. मग उठते."

पालमच्या दोघी पळता पळता थांबल्या. गुडघ्यावर हात ठेवून बघायला लागल्या. चित्रकलेच्या मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली होती, ती तशीच. फुंकली नाही. सर ओरडले, "अगं ए, खो दिलाय तुला!"

मी समोर बघत राहिले. मागं मंदाचा श्वास ऐकू येत होता. तिचा हात खाली आला. खरंच आला. पाठीला ऊब जाणवली, इतका जवळ. मला वाटलं, ही लावती. आणि पुढच्या ओळीतून चुलती खाकरली. नुसती खाकरली. हात वर गेला.

मंदा मला सोडून दुसरीकडं पळाली. ओळीत मधोमध एक दगड बसलेला. पालमच्या पोरी हुशार. त्यांना समजलं की इथून कुणी उठत नाही. दमल्या की माझ्याच शेजारी येऊन उभ्या राहायच्या. एक तर मला म्हणाली, "तब्येत बरी न्हाई का गं?"

"बरी हाय."

"मग उठंना कामून?"

"बोलवायची रीत चुकायली त्यांची."

डाव संपला. आम्ही हरलो. खुर्च्या सरकल्या. सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मान लाल झालेली. "नाक कापलंस शाळेचं. ऊठ आता. संपला खेळ."

"सर, हात लावा. उठते."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. पाटील बघायलेले. सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकात एक अडकवले. सुधारक माणूस. आणि निघून गेले.

मी बसून. पाय बधिर झाले होते. मग कुणीतरी दोरीखालून वाकून आत आलं. पाठीवर थाप बसली. अशी जोरात की मी पुढं हातांवर आले.

"खो," विमल म्हणाली. आणि मंदाकडं बघून, "असा असतोय. बगून ठेव."

मी उठले.

दुसऱ्या दिवशी संघातून माझं नाव गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या रानातून मायचं काम गेलं. सुगीचे दिवस होते, माय लांबच्या शिवारात चालत जायला लागली. मला वाटलं, बोलंल. एकदाच बोलली, "पाय दुखत्यात. दुखू दे." मंदानं पुढं खेळ सोडला नाही. लग्न होईपर्यंत खेळली. सरांना चांगला क्रीडाशिक्षक म्हणून हारतुरे मिळाले. मी त्या मैदानावर पुन्हा पाय ठेवला नाही. पळावंसं वाटायचं. अजून वाटतं. मोकळं रान दिसलं की पोटऱ्या आपोआप ताणतात. त्यांनी माझ्याकडून घेतलं ते हे. ह्याची भरपाई कुणी देऊ नये, मी घेणार नाही.

आता सर सभेच्या दिवशी रस्त्यात भेटले की म्हणतात, "जुनं सोड गं. खेळात राजकारण आणू नये." आणि तालुक्याचे पुढारी म्हणतात, "नामांतराचा ठराव झालाय ना विधिमंडळात? मग आता बसून कामून ऱ्हायलात? उठा."

ठराव झाला. बरोबर. मोठ्यानं झाला, साऱ्या मुलखाला ऐकू गेला. आमच्याकडं त्या ठरावापायी घरं जळाली. आणि विद्यापीठाच्या दारावर पाटी तीच. किती वर्षं झाली, तीच. तोंडानं म्हणून झालं, हात हवेत.

हा खो मी ओळखते. मी नववीत खाल्लाय.

म्हणून पुढाऱ्यांना, सरांना, खुर्चीवरून खाकरणाऱ्या सगळ्यांना सांगते. पंच तुमचे असतील. शिट्टी तुमच्या तोंडात असेल. ओरडा. घसा बसेपर्यंत ओरडा. ज्या खेळात आमच्या पाठीला हात लागत नाही, तो खेळ आम्ही मधोमध बसून बंद पाडू. तुम्ही हराल. आम्हीही हरू. चालेल.

पाटी बदला. मग उठू.