टेस्केच्या मुलाचा सूत्रपाठ

हार्लन टेस्के आमच्या जपानी बौद्ध देवळाचा पुरोहित झाला तेव्हा गावभर आनंद झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. काळा झगा, निळे डोळे आणि शेजारी आमचं विश्वस्त मंडळ दात काढून उभं. मी खजिनदार, म्हणून त्यात मीही आहे. तो फोटो दिसला की आजही माझं डोकं फिरतं, कारण त्यात हात्सुएबाई ओयामा नाहीत. त्याला नेमताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकारनं आम्हा जपान्यांना शत्रू ठरवून समुद्रकाठावरून उचललं आणि इथे अल्बर्टातल्या साखरेच्या बीटच्या शेतांवर आणून टाकलं. हात्सुएबाई आणि त्यांचे यजमान कुमाजी हार्लनच्या बापाच्या, रूडी टेस्केच्या वाट्याला आले. राहायला कोंबड्यांचं खुराडं मिळालं. पहिल्याच काढणीत त्यांचा लहानगा शिगेरु तापानं फणफणला. कुमाजींनी डॉक्टरकडे न्यायला ट्रक मागितला.

"आधी बीट कारखान्यात पोचू दे," रूडी म्हणाला.

ट्रक परत आला तेव्हा पोर गेलं होतं. बांधाच्या कडेला पुरलं. पुरोहित कुठून आणणार? मेलेल्यासाठीचा सूत्रपाठ झालाच नाही.

हार्लन तेव्हा सहा वर्षांचा, शिगेरुबरोबर मातीत खेळणारा. मोठा झाल्यावर बापाशी भांडून त्यानं घर सोडलं. जपानात, क्योतोला खानावळीची भांडी घासत भाषा शिकला, दीक्षा घेतली आणि परत येऊन आमच्याच नातवंडांना धर्म शिकवू लागला. शिकवतो मनापासून, पण तापट. पुस्तक विसरलेल्या मुलावर असा कडाडतो की बौद्ध म्हणजे शांत माणूस अशा समजुतीनं आलेली गोरी मंडळी दुसऱ्या रविवारी फिरकत नाहीत.

तो प्रवचनाला उभा राहिला की हात्सुएबाई उठून जायच्या. "चाळीस वर्षं झाली, आता सोडा की," असं त्यांना सांगणारे पुष्कळ. त्यांच्यापैकी एकाचंही मूल त्या बांधाखाली नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत कुमाजी घरीच वारले. आमच्यात माणूस गेला की त्याला हलवण्याआधी उशाशी पाठ करतात. शहरातला दुसरा पुरोहित येईना, बर्फानं रस्ते बंद. मुलीनं, मिचिकोनं, आईला न विचारता हार्लनला फोन केला. मी तिथेच होतो.

हात्सुएबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तू कशाला आलास?"

"पाठ करायला, काकू."

"टेस्केला मी यांच्या उशाशी बसू देणार नाही."

"आई, अगं गुरुजी आहेत ते!"

"झगा घातला की बाप बदलतो का गं?"

हार्लन लालबुंद झाला. "मी सहा वर्षांचा होतो! ट्रक काय मी चालवत होतो? माझा म्हातारा मेला तरी त्याचं तोंड बघायला गेलो नाही. अजून काय करू?"

"ओरडू नकोस. तोही असाच ओरडायचा."

मी मध्ये तोंड घातलं, तर मलाच ऐकवलं, "तू गप्प बस, नोबोरु. तुझा फोटो काढून झालाय ना?"

मग हार्लननं आवाज खाली आणून विचारलं, "शिगेरुचा पाठ झालाय?"

ते नाव त्या घरात कुणी काढत नसे.

"कोण करणार होतं?"

"मी करतो. आधी त्याचा."

त्या बाजूला झाल्या. "तेवढा कर. तुमच्या घराकडून राहिलाय तो."

बाहेरच्या खोलीतल्या देव्हाऱ्यासमोर बसून त्यानं शिगेरुचा पाठ केला. संपवून तो कुमाजींच्या खोलीकडे वळला, तशा हात्सुएबाईंनी हात आडवा केला.

"इथवरच."

त्या एकट्या आत गेल्या, नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि दोघं रोज सकाळी म्हणत ते श्लोक स्वतःच म्हणू लागल्या. हार्लन मुठी आवळून उंबऱ्याशी उभा. मला वाटलं, आता हा दार आपटून जातोय. पण तो होता तिथेच जमिनीवर बसला आणि त्यांच्यामागून म्हणू लागला.

"हळू," आतून आवाज आला.

त्यानं आवाज आणखी खाली आणला.

दुसऱ्या दिवशी आमचे अध्यक्ष हसत मला म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं."

"काय मिटलं?" मी म्हटलं. "त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर बसवलं, आणि बरोबर केलं. तो बसला, त्यानंही बरोबर केलं. तुम्ही तेवढे यात पडू नका."