सासूबाईंचं स्पॅनिश, माझं भाषांतर

"मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आहे. अफेजिया झालाय," डॉक्टर म्हणाल्या. अफेजिया म्हणजे मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावतो. शब्द सापडत नाहीत, कधी एखादी भाषाच पुसली जाते. सासूबाईंचं इंग्रजी गेलं. चाळीस वर्षं आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात काढलेल्या या बाईकडे पेरूहून येताना आणलेलं स्पॅनिश तेवढं उरलं. "आठवणींनाही धक्का बसलाय. वाट बघू," डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं.

सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा डॅनियल, त्याला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही. त्यांनीच शिकू दिलं नाही. शाळेत पोरं चिडवतील म्हणून घरातही इंग्रजीच. तरी पेरूची मॅच असली की हा तांबड्या पट्ट्याचा शर्ट घालून बसतो, आणि कुणी विचारलं तर छाती काढून स्वतःला पेरूव्हियन म्हणवतो.

स्पॅनिश येतं ते मला. पुण्यात शिकले, त्या जोरावर इथे कस्टमर सपोर्टची नोकरी मिळाली. लग्नानंतर मोठ्या हौसेनं सासूबाईंशी स्पॅनिशमध्ये बोलायला गेले, तर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "पोपटही बोलतो. म्हणून तो घरातला होत नाही." पुढची सहा वर्षं माझ्याशी इंग्रजीतच बोलल्या. त्यामुळे आता पाणीसुद्धा माझ्याकडेच मागायची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

खोटं बोलले ते तिसऱ्या दिवशी. डॅनियल त्यांचा हात धरून बसला होता. त्या मला म्हणाल्या, "हा माणूस चांगला आहे, रोज येतो. पण माझा दानी कधी येणार?"

दानी म्हणजे डॅनियलच.

"काय म्हणतेय ती?" त्यानं विचारलं.

"तू वाळलास म्हणतायत. नीट जेवत जा."

तो रडला. चार दिवसांत ओळखतील, तोवर कशाला सांगा, असं मला वाटलं. मग रोज एक नवीन. सूप आवडलं म्हणाल्या. लहानपणी तू फार गोड होतास म्हणाल्या. धडधाकट असताना ही बाई इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. त्याला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तो फोनवर सगळ्यांना सांगत सुटला, "आई एकदम ग्रँड आहे!" इथे ग्रँड म्हणजे मजेत.

दहाव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आल्या. या बोलण्याच्या डॉक्टर. "नातेवाइकांचं भाषांतर आम्ही धरत नाही," त्या म्हणाल्या आणि फोनवर दुभाषी घेतला. डॅनियलकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे कोण?

सासूबाई बोलल्या. स्पीकरवरून दुभाष्याचा थंड आवाज आला, "हा माझा कुणी नाही, पण दयाळू आहे. माझ्या मुलाला अजून का कळवत नाही?"

डॅनियलनं आईकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"वाळलास म्हणाली, तेसुद्धा?" त्यानं बाहेर आल्यावर विचारलं.

"तेसुद्धा मीच."

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी दुभाषी मागा. घरच्या माणसाला हे काम देऊ नका, त्याला कितीही चांगलं येत असलं तरी. दया आणि सूड यांतलं मी नेमकं काय करत होते, ते मला अजून सांगता येत नाही.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये म्हणाला, "मी तुझा मुलगा आहे, हे कसं म्हणायचं?" मी शिकवलं. लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये तो तेच पुटपुटत राहिला.

आईचा हात धरून त्यानं ते वाक्य म्हटलं. एकही चूक न करता.

सासूबाई हसल्या, त्याचा हात थोपटत काहीतरी म्हणाल्या. तो आनंदानं माझ्याकडे वळला. "काय म्हणाली?"

"नाही हो," मी सांगितलं, "माझ्या दानीला स्पॅनिश येत नाही. मीच येऊ दिलं नाही."

या वेळी मी एक शब्दही बदलला नाही.