अमावास्या पंधरा की तीस

मासेमारी बोटीचे कप्तान भीमा तांडेल यांची वर्षा दिवसभर घरात बसून नेमकं काय करते, हे झाईच्या कोळीवाड्यात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. शेजारच्या जमनाकाकीने एकदा जाहीरच करून टाकलं, की पोरगी कॉम्प्युटरचे पेपर तपासते. वर्षाला हसू आलं, कारण इतकं नेमकं तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

काम तसंच आहे. प्रोग्राम लिहून देणारे एआय सहायक आता ढिगाने झालेत. त्यातला कोणता कामाचा आणि कोणता नुसताच बोलघेवडा, हे ठरवायला माणसं लागतात. वर्षाच्या पडद्यावर एक प्रश्न येतो आणि खाली दोन सहायकांची उत्तरं, नावं झाकलेली. दोन्ही प्रोग्राम चालवून बघायचे, पाचपैकी गुण द्यायचे, का दिले ते लिहायचं. तोच प्रश्न आणखी चार परीक्षकांकडेही जातो.

डहाणूला संगणकाची पदवी घेतल्यावर तिने दोन वर्षं वापीच्या एका ऑफिसात काढली होती, पहाटे निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. हे काम मिळालं आणि ती घरची झाली. खिडकीशी बसून गुण द्यावेत, अधूनमधून उठून अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलावेत, यापरतं सुख तिला ठाऊक नव्हतं. तेच सुख गेल्या महिन्यात हातचं जायची वेळ आली.

झालं असं, की परीक्षकांनी आपापल्या भागातला एकेक प्रश्न घालावा, असं फर्मान निघालं. वर्षाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांवर. तिने लिहिलं, पंचांगातली तिथी घेऊन या हिशोबाने भरती-ओहोटी सांगणारा प्रोग्राम लिहा, आणि तो बरोबर आहे हे तपासूनही दाखवा.

पहिल्या सहायकाने देखणं काम केलं. झकास पडदा, समजावून सांगणाऱ्या टिपा, सगळ्या तिथींच्या चाचण्या, आणि झाडून सगळ्या पास. दुसऱ्याचं उत्तर ओबडधोबड होतं, आणि अमावास्येपाशी तर तो चक्क अडला. ‘पंचांगात अमावास्येचा आकडा ३० दिला आहे. या हिशोबात तो कसा धरायचा हे मला माहीत नाही,’ असं सांगून थांबला.

वर्षाने पहिल्याची अमावास्या उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. पठ्ठ्याने सरळ तीसची पाऊणपट केली होती. त्यामुळे भरती रात्री साडेदहाला आणि तिच्या आधीची दुपारची ओहोटी निघाली सव्वाचारला. झाईतलं शेंबडं पोरही सांगेल, की पंधरवडा कुठलाही असो, मोजणी पुन्हा एकापासून. अमावास्या पंधराच धरायची. म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी साडेपाचच्या सुमारास. चाचण्या पास झाल्या यात नवल नव्हतं. पेपर त्याचा, उत्तरं त्याची आणि तपासनीसही तोच! वर्षाने त्याला दोन गुण दिले आणि अडलेल्याला चार.

बाकी चौघांनी पहिल्याला पाच दिले होते. दुसऱ्याला, ‘काम अर्धवट’ म्हणून, एक.

परीक्षकांवर देखरेख करणाऱ्या रुपलबेनचा वापीहून फोन आला. बाई मनाने चांगली, मराठी गुजराती वळणाचं, पण आज आवाज कोरडा होता.

“वर्षा, तुझे मार्क परत सगळ्यांपेक्षा उलटे. तिसरी वेळ झाली हां ही. वरचे विचारतात, ही मुलगी नीट बघते की नाही? शुक्रवारपर्यंत फरी एकदा बघ ने. नाहीतर मला तुझं नाव काढावं लागेल.”

दोन आकडे बदलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. वर्षाने माउस त्या आकड्यांवर नेला, आणि तशीच उठून बाबांकडे गेली.

भीमा जाळं शिवत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “तू त्याला सांगितलंस का, अमास पंधरा धरायची म्हणून?”

“नाही. त्यात काय सांगायचं?”

“घ्या! तो काय झाईत जन्मला?”

वर्षाचा चेहरा उतरला. समुद्राशेजारी वाढलेल्या माणसानेच करावी अशी ही चूक होती. जे श्वासाइतकं ओळखीचं, ते प्रश्नात लिहायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांचे गुण कापताना तिने स्वतःचा प्रश्न तपासलाच नव्हता. तिला मनापासून लाज वाटली.

गुरुवारी नेमकी अमावास्या होती. चार वाजता बापलेक खाडीच्या तोंडाशी गेले. वर्षाने पाण्याच्या कडेला एक बांबू रोवला. सव्वाचार झाले, पाणी चढायचं नाव घेईना, उलट बांबू सोडून लांब लांब जाऊ लागलं. पाच वाजता आणखी खाली. साडेपाचला कुठे ते थबकलं.

“तुझ्या पहिल्याचं ऐकून मी सहाला बोट आत घातली असती,” भीमा म्हणाले, “पावणेदोन तास पाणी चढलं असं समजून. वाळूत बसलो असतो खलाशांसकट.”

“आणि दुसरा? तो तर अडूनच बसला.”

“अडला तो बरा. नवीन खलाशी तोंडाशी येऊन विचारतो, तांडेल, इथं पाणी किती? त्याला मी कधी ओरडलो नाय. न विचारता ज्यानं सुकाणू फिरवलंन, त्याला मात्र बोटीवरून उतरवला.”

शुक्रवारी वर्षाने खुलासा लिहिला. पहिली ओळ स्वतःविरुद्ध होती: प्रश्न अपुरा होता, चूक माझी. मग बांबूचे वेळेसकट फोटो लावले, आणि लिहिलं, की अपुऱ्या प्रश्नात दुसरा सहायक अडला आणि तसं म्हणाला, पहिल्याने अंदाज बांधून तो खरा म्हणून खपवला, म्हणून गुण बदलत नाही. तिने पाठवा हे बटण दाबलं आणि आईला सांगून टाकलं, की बहुतेक पुन्हा वापी.

सोमवारी रुपलबेनचा फोन आला.

“चौघांतल्या तिघांनी मार्क बदलले. आणि तुझा प्रश्न दुरुस्त करायचा नाय असं ठरलंय. तसाच अपुरा ठेवायचा. नवीन सहायक आला की पहिला हाच.”

“आणि माझं नाव?”

“ते कुठे जातंय? तू गेलीस तर काम कोण करणार पछी?”

वर्षा फोन ठेवून थेट बोंबलांपाशी गेली. कावळा नसतानाही तिने दोनदा हुश्श केलं.

गेल्या आठवड्यात एक नवा सहायक तपासणीला आला. वर्षाने तो प्रश्न टाकला. भीमा उंबऱ्यात जाळं घेऊन बसले होते. प्रोग्रामऐवजी पडद्यावर आधी एक ओळ आली, ती वर्षाने मोठ्याने वाचली, “सुरुवात करण्यापूर्वी विचारतो: तुमच्याकडे अमावास्या पंधरा धरतात की तीस?”

भीमांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या असलेल्या खलाशाला सांगावं तशा खणखणीत आवाजात लॅपटॉपला सांगितलं, “पंधरा. पंधरा धर, आणि सावकाश घे.”

वर्षाने ते जसंच्या तसं टाइप केलं.